साडूचं अजून ठरायचंय

माझ्या साडूइतका ठाम माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि तो ठाम आहे तो एकाच गोष्टीवर, की इतक्यात काही ठरवायचं नाही. मुळात साडू हे नातंच चमत्कारिक. भाऊ आईबाप देतात, मित्र आपण जोडतो, बायकोसुद्धा निदान एकदा चहापोह्यांना पाहून करतो; साडू मात्र सासऱ्यांनी आपल्या दुसऱ्या मुलीसाठी निवडलेला असतो आणि जन्मभर प्रत्येक लग्नकार्यात त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेणं आपल्या वाट्याला येतं. माझा साडू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्याने मला कशानेच हाक मारली नाही. 'दाजी' म्हणावं, 'साडूभाऊ' म्हणावं, की मी हायस्कूलला शास्त्र शिकवतो म्हणून 'सर' म्हणावं, ह्यावर त्याचा अभ्यास चालला होता. त्या वर्षात माझ्याशी बोलायच्या आधी तो नुसता घसा खाकरायचा. मग एकदा मिरजगावच्या बाजारात मी कांद्याची पात निवडत असताना मागून एक उधळलेला बैल आला, तेव्हा नाइलाजाने तो "सर!" असं ओरडला. मी वाचलो. घरी आल्यावर त्याने माझ्या बायकोला खुलासा केला, "ताई, सध्या तात्पुरतं सर म्हणतोय." ह्याला आता अकरा वर्षं झाली.

हे 'तात्पुरतं' त्याच्या आयुष्यात फार जागा अडवून बसलेलं आहे. एकदा तो कर्जतला चप्पल घ्यायला गेला. दुकानदाराने सगळी खोकी उघडून समोर मांडली, दीड तास गेला, मधल्या काळात दुकानातल्या पोऱ्याने ह्याची जुनी तुटकी चप्पल कचऱ्यात टाकून दिली, तरी नवीचं काही ठरेना. शेवटी दुकानदाराने कंटाळून स्वतःच्या पायातली निळी स्लिपर काढून दिली आणि म्हणाला, "ही घालून जावा, ठरलं की या." साडू ती घालून घरी आला आणि पुढे दोन पावसाळे त्याने त्याच स्लिपरवर काढले. पुण्यात तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. हुशार. खोटं कशाला बोलू, फार हुशार. त्याचे साहेब त्याला विचारायचे की अमुक काम कसं करावं, आणि हा त्यांना सात प्रकार सांगायचा, सातही बरोबर असायचे, आणि आठवा आपल्याला आणखी पाहायचाय असं म्हणायचा. एके दिवशी कंपनीने त्याच्याबद्दल मात्र अर्ध्या तासात ठरवलं. तो संगणक, दोन बॅगा आणि माझ्या मेव्हणीला घेऊन मिरजगावला परत आला आणि हमरस्त्यावरच्या एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहू लागला. तेही तात्पुरतंच.

त्याची दुसरी खोड म्हणजे तो लिहिलेलं कधी पुसत नाही. खोडतही नाही. किराण्याची यादी करताना त्याने 'साखर एक किलो' लिहिलं आणि मेव्हणी आतून म्हणाली की दोन लागेल, तर तो एकाचे दोन करणार नाही. तो खाली नवी ओळ लिहील, 'वरील साखरेत एक किलोची वाढ.' थोड्या वेळाने डब्यात साखर सापडली की त्याखाली, 'वरील वाढ रद्द, कारण साखर सापडली.' अशी तीन पानी यादी घेऊन तो वाण्याकडे गेला, तेव्हा वाण्याने चष्मा लावून ती सबंध वाचली आणि विचारलं, "ही यादी हाय का कोर्टाचा निकाल?" मी त्याला एकदा म्हटलं, अरे खोडून टाकावं माणसानं, त्यात काय एवढं. तर म्हणाला, "सर, खोडलं तर आपण आधी काय समजत होतो ते कसं कळणार?" 

आता मूळ दुःखाकडे येतो. आमच्या गावाला कालव्यातून फुटलेल्या एका चारीचं पाणी मिळतं. चारीला नऊ दारं आहेत आणि शेवटच्या दाराला, म्हणजे टेलला, पाणी पोचेपर्यंत माणसाचा आणि पिकाचा धीर संपतो. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याचं ठरलेलं पाणी आलं, की कोणतं दार किती वाजता उघडायचं, कोणाच्या रानात किती तास पाणी जाऊ द्यायचं, हे सगळं बघायचे तात्या. तात्या आमचे पाटकरी. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस खांद्यावर खोरं टाकून चारीच्या कडेने चालत आला, आणि नऊच्या नऊ दारांच्या पाळ्या त्यांच्या डोक्यात होत्या. नुसत्या पाळ्या नाहीत. तिसऱ्या दारावर मधल्या वस्तीला अर्धा तास जादा का, तर वाटेत मुरमाड आहे आणि पाणी मुरतं. थोरल्या भावाने धाकट्याच्या लग्नात आपली पहाटेची पाळी त्याला दिली होती, ती पुढे कोणाकडे गेली. कोणाच्या वाटण्या झाल्या आणि दोन तासांचे तीन वाटे कसे पडले. तात्यांनी कधी वही ठेवली नाही. विचारलं की म्हणायचे, "वही भिजती. डोकं भिजत न्हाई."

पण डोक्याखालचं शरीर सत्तरीच्या पुढे गेलं होतं. डोळे अधू झाले, खोकला छातीत घर करून बसला. मी पाणी वापर संस्थेचा सचिव. अध्यक्षांनी बैठकीत विषय काढला, "तात्याच्या डोक्यातलं भाईर यायला पायजे. उद्या काय झालं तर आमी काय चारीला इचारनार का, पाळी कुनाची म्हनून?" पूर्वी संस्थेचं एक रजिस्टर होतं, पण ज्याच्या हाती पेन आलं त्याने आपले तास वाढवून घेतले, एवढी खाडाखोड झाली की शेवटी ते सर्वांच्या समक्ष फाडावं लागलं. तेव्हापासून गावाचा कागदावर विश्वास नाही. सर्वांचं म्हणणं पडलं की अशी नोंद पाहिजे, जी कोणालाच पुसता येणार नाही. आणि त्या क्षणी, माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कोण जाणे, मी उभा राहून म्हणालो, "न पुसणारा माणूस माझ्या घरातच आहे. माझा साडू."

साडू पुढच्या बैठकीला आला, निळी स्लिपर घालून. त्याने जे सांगितलं ते मला कबूल करायला हवं की फार सुरेख सांगितलं. म्हणाला, "सातबारा सगळ्यांना माहीत आहे. जमीन आज कोणाची, ते सातबारा सांगतो. पण ती त्याची कशी झाली, कोण वारलं, कोणी हक्क सोडला, कोणी विकली, ते फेरफारात असतं. फेरफार पुसत नाहीत. नवीन फेरफार होतो आणि जुन्या नावाला कंस पडतो. मी जो प्रोग्रॅम करणार, त्यात फक्त फेरफार ठेवायचे. दार उघडलं, एक नोंद. दार बंद केलं, एक नोंद. पाळी बदलली, एक नोंद. आज पाळी कोणाची हे कुठेही लिहून ठेवायचंच नाही, ते सगळ्या नोंदी ओळीने वाचून यंत्र काढेल. चूक झाली तर चूक दुरुस्त केल्याची नवी नोंद." तात्या कोपऱ्यात बसले होते, त्यांनी तंबाखूची पिचकारी बाहेर टाकली आणि परत येऊन म्हणाले, "म्हंजी झालेलं झालं, ते मोडायचं न्हाई. निस्तं म्होरं जोडत जायचं. व्हय ना? मग ह्यो गडी माज्यासारकाच हाय." त्या दिवसापासून त्या दोघांचं मेतकूट जमलं आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

कारण आठवड्याभराने मी विचारलं, कुठवर आलं, तेव्हा साडूने घसा खाकरला. मला अकरा वर्षांपूर्वीचा काळ आठवला. "सर, प्रोग्रॅमचं काही नाही, तो होईल," तो म्हणाला, "पण ह्या नोंदी ठेवायच्या कशात, ते ठरायचंय." मला वाटलं, हार्ड डिस्क कितीची घ्यावी असला काही प्रश्न असेल. तसं नव्हतं. नोंदी ठेवायला, त्याने सांगितलं, निदान पाच प्रकार आहेत. एक आपला नेहमीचा रकान्यांचा डेटाबेस, जो सगळीकडे असतो. एक खास अशा घटनांसाठीच बनवलेला, ज्यात पुसायची सोयच नसते. एक मोठमोठ्या कंपन्या वापरतात तो, ज्यात नोंदी पाटाच्या पाण्यासारख्या वाहत येतात. एक दूर कुठेतरी दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने ठेवायचा. आणि एक म्हणजे साधी फाइल, खाली खाली ओळी लिहीत जायच्या. त्यांची नावं त्याने मला सांगितली, ती मला खोकल्याच्या औषधांसारखी वाटली. मी म्हणालो, पहिला घे. तो माझ्याकडे, मी वर्गात एखाद्या पोराकडे पाहतो तसा पाहू लागला.

माडीवरच्या भिंतीवर त्याने तक्ता लावला. आडवे पाच प्रकार, उभे तेरा प्रश्न. लाइट गेली तर अर्धी नोंद राहते का? नेट नसलं तर चालतं का? दहा वर्षांनी कोणी तिसऱ्याने उघडलं तर वाचता येईल का? नोंदीचा नमुना पुढे बदलला तर जुन्या नोंदींचं काय? पस्तीस वर्षांच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला किती वेळ लागेल? प्रत्येक चौकटीत तो पेन्सिलीने नव्हे, पेनने खूण करायचा, आणि मत बदललं की शेजारी दुसरी खूण. महिन्याभराने त्या चौकटींत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसायला लागलं. पहिल्या प्रश्नाची तर त्याने प्रत्यक्ष चाचणी घेतली. हा संगणकावर नोंद लिहीत बसायचा आणि "आता!" म्हणून ओरडला की मेव्हणीने मेन स्विच पाडायचा. मग स्विच वर करून, नोंद अर्धी राहिली की पुरी राहिली, हे पाहायचं. प्रत्येक प्रकाराला वीस वेळा, म्हणजे शंभर वेळा. खाली दुकानदाराचा पंखा बंद पडून तो जिन्यात येऊन शिव्या देऊ लागला, आणि मेव्हणीची शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये जी अर्धवट राहिली ती चार दिवस आम्ही तशीच खाल्ली. मेव्हणी बिचारी सोशीक, पण त्या वेळी ती मला म्हणाली, "दाजी, माझं लग्न ह्यांच्याशी नाही, मेन स्विचशी लावलंय बाबांनी."

दुसरी चाचणी घरातच. 'कोण कुठे' असा एक छोटा प्रोग्रॅम त्याने केला आणि भिंतीवरच्या जुन्या टीव्हीला जोडला. घरातून कोणी बाहेर पडलं की एक बटण, परत आलं की दुसरं. एकदा तो कर्जतहून परतला आणि दुसरं बटण दाबायचं विसरला. मी नेमका जेवायच्या वेळेला गेलो. हा पाटावर बसून पिठलं-भाकरी खातोय आणि टीव्हीवर मोठ्या अक्षरांत, 'सध्या कर्जतला.' मी म्हणालो, अरे, हे चुकीचं दाखवतंय. "चुकीचं नाही सर," तो घास गिळून म्हणाला, "परत आल्याची नोंद नाही, तोवर मी परत आलेलो नाही. नोंदीप्रमाणे मी अजून कर्जतलाच आहे." मेव्हणीने ते ऐकलं, त्याच्या पुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "कर्जतच्या माणसाला इथं कशाला वाढू मग?" तेव्हा तो पिठल्याच्या हाताने उठला आणि बटण दाबून आला.

आणि ह्या सगळ्या काळात नोंदी कुठे जात होत्या? साध्या फाइलमध्ये. तात्पुरत्या. साडू रोज दुपारी स्कूटरवर लॅपटॉप घेऊन चारीवर जायचा, पाचव्या दाराजवळच्या बाभळीखाली दोघे बसायचे, तात्या सांगायचे आणि हा टाइप करायचा. शिवाय त्याने तात्यांना एक गोष्ट शिकवून ठेवली होती. सकाळी चारीवर निघाले की त्यांनी ह्याला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि घरी परतले की दुसरा. ह्या दोन कॉलच्या दोन नोंदी. 'तात्या चारीवर गेले.' 'तात्या घरी आले.' मी म्हटलं, ह्याचा पाळ्यांशी काय संबंध? तर म्हणाला, कुठली नोंद उद्या कामाला येईल ते आज सांगता येत नाही, म्हणून सगळंच ठेवायचं. आणि खरोखरच तो सगळं ठेवायचा. एकदा मी त्याच्या पाठीमागे उभं राहून वाचलं. 'तात्यांनी चौथ्या दाराची सोमवारची पाळी सांगायला सुरुवात केली. तात्यांना ठसका. तात्यांनी तंबाखू मळली. समोरून मेंढरं गेली. तात्या म्हणाले, मेंढरं कुणाची. ओळखता आली नाहीत. तात्या कुठवर सांगितलं ते विसरले. पुन्हा सुरुवात.' माझा पारा चढला. मी भर चारीवर ओरडलो, "अरे, पाळ्या लिही! मेंढरं कसली लिहितोस!" तात्या शांतपणे म्हणाले, "लिवू द्या हो मास्तर. माजं कोनी येवढं आईकलं न्हाई कदी."

तात्या त्याला नुसतं सांगत नव्हते, शिकवतही होते. साडूला एक कोडं कित्येक दिवस सुटत नव्हतं, की एकाच वेळी दोघांनी दोन वेगळ्या नोंदी केल्या तर कोणती धरायची. पाचही प्रकारांत त्याची वेगवेगळी तऱ्हा होती. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय येवढं. म्या दार उघडायला जातू, तवा डोक्यात असतं की शेवटचं कोन बंद केल्तं. जाऊन बगतू, तर मदी कोनी दुसरंच उघडून बसलेलं. मग म्या उघडत न्हाई. माघारी येतू, नव्यानं इचार करतू, मंग परत जातू. लई सोपं हाय." साडू जागचा उठला. मला फोन करून त्याने हे तीनदा सांगितलं. म्हणाला, "सर, पुण्यात आम्हाला हे समजायला जाडजाड पुस्तकं लागली!" मी विचारलं, मग ठरलं का? म्हणाला, नाही, ह्यामुळे तक्त्यात एक चौदावा प्रश्न वाढला.

असे सहा महिने गेले. अध्यक्ष मला रस्त्यात, दुकानात, एकदा तर कोणाच्या तरी दहाव्याला, भेटतील तिथे विचारायचे, "सर, तुमच्या साडूचं ठरलं का?" मी म्हणायचो, "जवळजवळ." हा शब्द मी इतक्यांदा वापरला की शाळेतली पोरं तो एकमेकांना चिडवायला वापरू लागली. शेवटी अध्यक्ष बैठकीत भडकलेच. "अवो, डबा कसला घ्यायचा ह्याच्यावर सा म्हैनं? पितळंचा घ्या न्हाईतर पत्र्याचा घ्या, पन धान्य भरा की! घुशी काय थांबत्यात का?" मी खाली मान घालून बसलो. चूक त्यांची नव्हतीच. आता मला रोज वाटतं, त्याच वेळी मी शंभर पानी वही घेऊन आठ दिवस तात्यांपाशी बसलो असतो तर काम झालं असतं. खाडाखोड झाली असती तर झाली असती. पण मलाही मनातून त्या न पुसणाऱ्या यंत्राची भूल पडली होती. सबंध दोष साडूवर टाकून मला झोप लागत नाही.

रब्बीचं आवर्तन पंधरा दिवसांवर आलं होतं. पाच दारं फाइलमध्ये उतरली होती, चार राहिली होती. त्या सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणे चारीवर निघताना मिस्ड कॉल दिला. साडूने उलट फोन केला, तेव्हा म्हणाले, "आज सव्वं दार सांगतू. त्याची लई मोठी भानगड हाय. च्या घिऊन ये." साडू थर्मास भरून जरा लवकरच गेला. तात्या बाभळीला टेकून बसले होते, खोरं शेजारी होतं, टोपी मांडीवर काढून ठेवली होती. ह्याला वाटलं, डुलकी लागली. हा समोर बसला, लॅपटॉप उघडला आणि त्यांची झोप होण्याची वाट पाहत राहिला. किती वेळ, ते त्याने मला सांगितलेलं नाही. मेंढरांची नोंद करणाऱ्या माणसाने त्या वेळेची नोंद केलेली नाही.

आवर्तन काही कोणासाठी थांबत नाही. पाणी आलं. साडूने त्या तात्पुरत्या फाइलवरून पाच दारांच्या पाळ्या छापून दिल्या, आणि सांगायला हवं की त्या पाच दारांवर एक शब्द वाढला नाही. मुरमाडाचा अर्धा तास, धाकट्याला गेलेली पहाट, दोन तासांचे तीन वाटे, सगळं त्यात होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण ते तात्यांच्याच शब्दांत होतं. पण सहाव्या दारापासून खोरी उगारली गेली. सातव्यावर दोन सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांची तोंडं पाहायचं सोडलं ते आजतागायत. टेलला पाणी पोचलंच नाही. नवव्या दारावरच्या एका बाईंचा हरभरा घाटे धरता धरता वाळला. त्या माझ्या दारात येऊन भांडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मास्तर, तात्याला माजी पाळी ठाव हुती वो." मी सचिवपदाचा राजीनामा लिहिला. अध्यक्षांनी तो घेतला नाही. म्हणाले, "आता कोन येतंय ह्यात. बसा हितंच."

मी साडूशी दोन महिने बोललो नाही. भांडायला मी गेलो होतो, नाही असं नाही. वाटेत तोंडपाठ करत गेलो होतो काय काय बोलायचं ते. पण माडीवर गेलो तर तो भिंतीपाशी उभा राहून तक्ता काढत होता, खिळे एकेक करून उपटत होता, आणि मी जिन्यातूनच परत फिरलो. मग एके दिवशी त्याचाच फोन आला. घसा न खाकरता म्हणाला, "सर, ठरलं." मला काही कळेना. "नोंदी कशात ठेवायच्या ते ठरलं. येऊन बघून जाता का?"

त्याने पहिलाच प्रकार घेतला होता. नेहमीचा, रकान्यांचा, सगळीकडे असतो तो, मी पहिल्या आठवड्यात सांगितलेला. मी तसं बोललो नाही. फाइलमधल्या सगळ्या नोंदी त्याने त्यात ओळीने भरल्या होत्या, मेंढरांसकट, ठसक्यांसकट. ठरवायला फार दिवस लागले नाहीत, म्हणाला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ठरून गेलं. पडद्यावर चारीचा नकाशा होता. पहिली पाच दारं हिरवी, प्रत्येकावर बोट ठेवलं की पाळ्यांची यादी उघडायची, वेळेसकट, कारणासकट. इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. सहा ते नऊ नुसते कोरे चौकोन. आणि सगळ्यांत वर, जिथे आज चारीवर कोण आहे ते यंत्र आपलं आपण काढून दाखवतं, तिथे लिहिलं होतं, 'सध्या चारीवर : तात्या.'

मास्तरकीचा हात, चूक दिसली की पुढे जातो. मी पडद्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "एक नोंद राहिलीय." तो म्हणाला, "माहीत आहे." मी म्हणालो, मग? मेव्हणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मग तो म्हणाला, "दुसरा मिस्ड कॉल आला नाही, सर." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आणि ह्यात एकदा लिहिलं की पुसता येत नाही. मीच तसं करून ठेवलंय." त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तुम्ही सचिव आहात. तुम्ही लिहा."

मी खुर्ची ओढून बसलो. दोन शब्द लिहायचे होते. ह्या माणसावर मी किती चिडलो होतो, त्याच्यापायी गावात किती मान खाली घातली होती, आणि ते चार कोरे चौकोन समोरच होते, ते आता कधीच भरणार नव्हते. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. खाली रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांच्या आवाजाने खिडकीची काच थरथरत होती. मी कीबोर्ड हळूच त्याच्याकडे परत सरकवला.

"राहू दे," मी म्हणालो. "तात्पुरतं राहू दे."